केळफूल खायचं नाही

आम्ही मूळचे कोकणातले म्हणतात, पण मी कोकण बघितलेलं नाही. पणजोबा पाथरवट, घाटाच्या कामाला काशीत आले नि इथलेच झाले. माझं नाव गोदावरी आणि जन्म गेला गंगेवर, बघा काय गंमत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही.

काम आमचं केळफुलांचं. जुन्या मराठी घरांच्या सज्जाखाली दगडाचं केळफूल लटकतं ना, झाडाला लटकतं तस्संच, ते आमचं. बाबा म्हणायचे, माणसाला काय सुचतंय, सुचतं ते झाडाला, आपण नुसतं बघायचं. म्हणून जुन्यावरून नवं करायचं नाही, दर कामाला ताजं फूल, तेही रामनगरच्या बगीच्यातलं. सकाळी नावेनं पार जायचं, फूल आणायचं, ते मऊ पडायच्या आत तसंच मातीत करायचं, मग त्या मातीवरून दगड. आणि एक नेम, ज्याची नक्कल केली ते खायचं नाही. फूल गंगेत सोडायचं. आईला केळफुलाची भाजी फार आवडायची, माहेरी खायची, आमच्या घरात आली ती मरेपर्यंत तिच्या तोंडाला लागली नाही.

माती मी करायची. बाबांची नि दादाची बोटं हातोड्यानं जाड झालेली, माझी बारीक. काय सांगू तुम्हाला, ते फूल हातात घेतलं ना, की बाहेरून जांभळं, राकट, आणि एक पाकळी उचलली की आत लालबुंद, गुळगुळीत, आणि तिच्या आड इवली इवली पिवळी फुलं ओळीनं निजलेली. मी ती पाकळी अशी उचललेली ठेवायची की आता पडेल, आता पडेल. दगडात ती पडतच नाही. लोक खाली उभे राहून बघायचे नि म्हणायचे, वा दादा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मीही मान दुखेपर्यंत वर बघायची, खोटं कशाला बोलू.

माझ्या लग्नाचं वय झालं तशी स्थळं यायची, चहापोहे खायची, नि पुन्हा फिरकायची नाहीत. मी आरशात बघायची, अगं बाई, नाकडोळे तर बरे आहेत. आई उपास करायची, बाबा म्हणायचे नशीब. नशीब म्हणे! दादाचं लग्न बरोबर वेळेवर झालं. केस पिकले माझे, आई गेली, बाबा गेले. मग एकदा अहिल्याबाई घाटावर न्हायला उतरले तर एका म्हाताऱ्या काकूंनी येऊन माझा दंड घट्ट धरला, म्हणाल्या सांभाळून गं, पाण्यात आली तर? मी म्हटलं, काय आली तर? मिरगी गं, फेफरं, म्हणाल्या, माझ्या दिरासाठी तुला बघायला आलो तेव्हा तुझ्या बाबांनीच सांगितलं, भला माणूस, फसवलं नाही आम्हाला.

मला जन्मात मिरगी आलेली नाही हो! तशीच ओलेत्यानं घरी आले. दादा दगड घडायच्या टाकीला धार लावत बसलेला. विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, बाबांचं काय घेऊन बसलीस, शेवटच्या दोघांना तर मीच सांगितलं, तू गेली असतीस तर माती कोणी केली असती? आणि हसला, मेला हसला.

त्या दिवसापासून मी मातीला हात लावला नाही. दादा जुन्या फुलांवरून फुलं करायला लागला, फुलं कसली, भोपळे. हळूहळू कोणी बोलवेना.

आता त्याला लकवा मारलाय, उजवं अंग गेलं. मूलबाळ नाही, वहिनी कधीच गेली, मीच भरवते, मीच पुसते. मध्यंतरी एका मठातून निरोप आला, सज्जाखाली फूल हवंय, दादांच्या हातचं. दादा रडायलाच लागला, बोबडं बोलतो आता, गोदे, एकदाच माती कर, दगड दुसरे कापतील, माझ्या नावाचं शेवटचं फूल वर लागू दे, मग सुखानं मरतो. डाव्या हातानं पाया पडला हो. मी म्हटलं, आणते की.

रामनगरला गेले, आता नाव कशाला, पुलावरून ऑटो जाते. बगीच्यातलं सगळ्यात देखणं फूल आणलं, एक पाकळी नुकती उचललेली. खाटेशेजारी ठेवलं, त्याला पोटभर बघू दिलं. तो म्हणाला, माती भिजव. मी हाताला तेल लावलं. तेल कशाला गं, म्हणाला. मी त्याच्यासमोरच विळी मांडली, एकेक पाकळी काढली, आतल्या फुलांचे कडक दांडे काढले नि बारीक चिरायला लागले. तो ओरडतोय, खायचं नाही, गोदे, खायचं नाही. मी चिरतेय. रात्रभर ताकात ठेवलं, सकाळी काळे चणे नि खोबरं घालून भाजी केली. आधी आईच्या नावानं एक घास गंगेत सोडला, मग दादाला भरवली. पहिला घास थुंकला. दुपारपर्यंत दुसरं काही दिलं नाही, मग खाल्ली. भूक कोणाला चुकलीय?

बरी झाली होती, जरा तुरट. आता अधूनमधून करते. देव त्याला भरपूर आयुष्य देवो, मनापासून सांगते, शंभर वर्षं जगो माझा दादा. रामनगरला केळफुलं बारा महिने मिळतात.