कापलेला खोकला

चहा घ्या, तवर सांगते. माझी नात कोल्हापुरात पत्रकारिता शिकते. मासिकात कसं लिहायचं, मोबाइलवर गोष्ट कशी करायची, असलं. कॉलेजात द्यायला तिनं आजोबांचा व्हिडिओ केला. हुपरीत जलमभर चांदीची पैंजणं घडवली, त्येच त्यात ते सांगत व्हते.

ते गेले. महिन्यानं मी म्हटलं, "पोरी, लाव की त्यो व्हिडिओ."

ऐकला, आन् इचारलं, "ह्यांचा खोकला कुठं गेला गं?"

"कापला, आज्जी. सर म्हणाले, मधले आवाज काढ. चांगलं झालं न्हवं?"

"अगं, त्यो खोकला न्हवता, हाक हुती. माझं नाव त्येंनी जल्मात घेतलं न्हाय. पाणी पायजे, खोकायचे. काय आठवंना, खोकायचे. मी उठून जायची. मूळचा व्हिडिओ हाय का पुसलास?"

पोरगी डोळं पुसत मोबाइल धुंडाळत बसली. सापडला एकदाचा. त्यातनं नुसता खोकलाच काढून, जोडून तिनं माझ्या मोबाइलवर टाकला.

रोज लावते. आन् रोज उठून हुभी ऱ्हाते.