शिदू गुळव्याचं करपलेलं आदण

मंडळी, आज एक सरळ प्रश्न घेऊ. पोटात गेली पेलाभर दारू, बाहेर आलं तांब्याभर — मग हे वरचं पाणी आलं कुठून? हसू नका! पिणारा सांगेल, दारू अंगात थांबत नाही म्हणून. खोटं! खरं काय, ते कळायला शिदू गुळव्याच्या गुऱ्हाळावर जावं लागेल. चला.

गुळव्या म्हणजे कोण, हे नव्या पोरांना सांगतो. काहिलीत, म्हणजे भल्या मोठ्या कढईत, उसाचा रस उकळतो, खाली चुलवाणात जाळ. त्या रसाचा गूळ कधी झाला, काहील कधी उतरवायची, हे ठरवणारा तो गुळव्या. आणि तिथली रीत अशी, की त्याच्या शब्दाशिवाय जाळ कमी करायचा नाही, काहिलीला हात लावायचा नाही. उसाचा मालक असला तरी नाही!

त्या दिवशी ऊस होता रंगराव खोतांचा. शिदूची लेक आक्काताई त्यांच्या घरात द्यायची बोलणी झाली होती. लग्नात वाटायचा गूळ आमच्या उसाचा आणि तुमच्या हातचा, असं खोतच म्हणाले होते. शिदूला आभाळ ठेंगणं झालं. गावभर सांगून आला.

दुपारचं ऊन, पुढ्यात काहिलीची धग. शिदूचा घसा कोरडा पडला. पण त्याचं डोकं बघा! पाणी प्यावं, तर बांधाआड जावं लागणार, आणि आदण — काहिलीतला रस — चढलं असताना गुळव्याला सारखं हलता येत नाही. म्हणून आक्काताईनं आणलेलं पाणी त्यानं परत पाठवलं, आणि खोपीत जाऊन दारूची बाटली रिकामी केली. पाण्याच्या मानानं कितीशी ती! तहानही भागेल आणि बांधही गाठावा लागणार नाही.

झालं भलतंच. जरा वेळानं शिदू बांधाआड. आला, रस ढवळला — पुन्हा बांधाआड! पाण्याचा थेंब घेतला नाही आणि हे काय चाललंय, त्याला कळेना.

मी सांगतो काय चाललं होतं. आपल्या डोक्यातून मूत्रपिंडाला सारखा निरोप जात असतो — पाणी राखा, जपून सोडा. दारू अंगात गेली की हा निरोप दाबून टाकते. मूत्रपिंड बिचारं काय करणार? राखायला कुणी सांगत नाही, मग सोडून देतं. शिदूचं जात होतं ते नुसतं बाटलीतलं नव्हतं, मंडळी. ते त्याच्या अंगातलं पाणी होतं! म्हणून तर जीभ टाळ्याला चिकटली, डोकं ठणकायला लागलं.

रस दाटला. आता थंड पाण्यात टाकून गोळी होते का बघायचं, तेवढ्यात शिदू म्हणाला, आलोच. बांधाआड गेला. उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तो तिथंच मटकन बसला.

इकडं चुलवाणाशी बंडा. चिपाडं सारून जाळ घालायचं त्याचं काम. रसाचा वास बदलला, त्याला कळलं. त्यानं शिदूला हाक मारली. खोत तिथंच बसलेले, ते उठून उभे राहिले. सगळ्यांना दिसत होतं! पण शब्द कुणाचा? शिदूचा. शब्द आला नाही, जाळ थांबला नाही. शिदू धडपडत आला तेव्हा काहिलीतून काळा धूर निघत होता.

खोतांनी बोटावर घेऊन चाखलं. मोठा माणूस, थुंकले नाहीत. एवढंच म्हणाले, "शिदबा, पोरगी आमची झाली. त्यात बदल न्हाई. पर लग्नाचा गूळ आता दुसऱ्या गुळव्याकडनं करून घेतो."

लग्न थाटात झालं. गूळ वाटायला शिदूच उभा होता. आणि मांडवात जो तो खडा तोंडात टाकून त्यालाच सांगायचा — "शिदबा, गूळ झकास केलास." शिदू मान खाली घालून वाटत राहिला.

आता तुम्ही. मघापासून या कीर्तनाच्या मांडवाबाहेर कोण कोण जाऊन आलं, ते मला इथून दिसतं. नाव घेत नाही. एकच विचारतो — घरात तुमच्या शब्दाची वाट बघत कोण उभं आहे? त्याला तो लागेल, तेव्हा तुम्ही कुठं असाल? ज्याचं उत्तर ज्याच्यापाशी. ज्याला ते देवापुढं सांगता येईल, त्यानं टाळ उचलावा.