किसननं हात जोडले त्या दिवशी

चार माणसं बोलून गेली. चौघाईनं एकच सांगतलं, किसन देव मानत असता तर आज जिता असता. माह्या पोराच्या नावानं उदबत्ती लावून, त्याच्या बायकोकडे पाहून सांगतलं. हे दुखवट्याचं बोलणं आहे का, बाप्पा?

आता रामराम घ्या. रुआबांधा वस्तीतल्या लोकाईले, टोळीतल्या पोराईले, बाबूराव मुकादमाले, सगळ्याईले. मले सभेत बोलता येत नाही. दोन बुकं शिकली होती, तीही विसरली. अन् थकली आहो मी. किसन गेल्यापासून जो येते तो मले देव समजावून सांगते. मी रोज दिवा लावते. मले कावून समजावून राहिले?

किसन नव्हता मानत. लपवतही नव्हता. भंडाऱ्याकडून आलो, इथं कारखान्यात लोखंडाची भट्टी उभी करायच्या टोळीत तो लागला, तेव्हापासून तसाच. खांब उचलायच्या आधी मुकादम नारळ फोडे. सारी टोळी टोप्या काढून हात जोडे. माहा पोरगा तेवढ्या वेळात लोखंडी दोर पाहे. हातानं चाचपे, कुठं तार तुटली का, कुठं अडकवण सरकली का. मग येऊन खोबरं खाये. सगळ्याईपेक्षा जास्त.

मी म्हणे, "हात जोडत नाही, अन् परसाद कसा चालते रे तुले?"

म्हणे, "माय, खोबऱ्याशी माहं भांडण नाही."

एकदा म्या विचारलं, "लेका, देवच नसला तर माणूस भिईल कोणाले?"

"बाजूवाल्याच्या बायकोले," म्हणे. "तिचा माणूस माह्या दोराखाली उभा राह्यते."

मले राग आला होता. आजही मले ते पुरतं पटत नाही. माणसाले रडायले तरी वरतं कोणी लागते. मी कोणासमोर रडू? मुकादमासमोर?

मग एक खेप नारळ सडका निघाला. टोळीत कुजबुज सुरू झाली, ह्या किसनपायीच. पुढच्या खांबाच्या वेळी मुकादमानं सगळ्याईसमोर सांगतलं, "आज तूही हात जोड. नाही तर कोणी वर चढणार नाही."

हे मले कोणी सांगतलं? तुमच्यातल्याच कार्तिकनं. माह्या ओसरीत बसून, रडत रडत. "दाई, वो दिन भइया घलो हाथ जोड़े रिहिस." त्या दिवशी भाऊनंही हात जोडले होते, म्हणे.

किसननं वाद नाही घातला. तुमचा खोळंबा नको म्हणून टोपी काढली, तुमच्या रांगेत उभा राह्यला, हात जोडले. नारळ पांढराशुभ्र निघाला. सगळे खूश. चला, उचला!

अन् दोर कोणी पाह्यला?

सांगा ना. दोर कोणी पाह्यला?

सगळ्याईचे हात जोडलेले होते. त्याचेही. खांब अर्ध्यावर गेला, दोर सुटला. खाली किसन होता.

मी देवाले दोष देत नाही. तो काही तुमच्या टोळीत हजेरीवर नाही. तुमाले देव पाहिजे, मलेही पाहिजे. ठेवा. देवाशिवाय माणसं जनावरं होतात, असं आत्ताच एकजण बोलून गेला. होत असतील. पण तुमी इतके दिवस बिनघोर डोळे मिटून उभे राहत होता ना, ते एका न मानणाऱ्याच्या भरवशावर. तो तुमच्या पाठीमागं वाकून दोर चाचपत होता.

आता म्हणता, उद्या शांती करू. शेवंतानं येऊन देवासमोर नाक घासावं, मेलेल्या नवऱ्याच्या वतीनं माफी मागावी, मगच टोळी वर चढेल. माही सून येणार नाही. पूजा करा, खुशाल करा, नारळ मी देते. पण तुमी सगळे हात जोडाल तेव्हा दोरापाशी कोण थांबणार? तेवढ्या वेळापुरता कोणावर देव रागावला तर रागावू द्या. पण एक नाव सांगा. ह्या पोराईच्याही घरी बायका आहेत. त्याईले ते नाव आजच ऐकू द्या.

उठा आता. किसनसाठी गप उभे राहा. ज्याले देव आठवायचा त्यानं आठवावा. ज्याले नाही, त्यानं नुसतं उभं राहावं. किसनले दोन्ही चाललं असतं.

अन् खाली बसायच्या आधी उत्तर पाहिजे. शेवंताले कोणी विचारायचं नाही. कार्तिकले डोळे दाखवायचे नाहीत. वरतं पाहायचं नाही. बाबूराव, तू बोलशील. तू बोलेपर्यंत इथं कोणी बसणार नाही.