कानात सांगितलेलं नाव

(इंग्लंडमधलं ब्रॅकनेल. जूनमधला रविवार, संध्याकाळ. बारशाचे पाहुणे नुकतेच गेले आहेत. सुहासिनी घुगऱ्यांचं पातेलं घासते आहे. ते केव्हाच लख्ख झालंय, तरी हात थांबत नाही.)

सुहासिनी : ...आणि अनुराधाचा तोरा पाहिलास? "अगं, मलाच चिकटली गं ही!" चिकटली म्हणे!

अंबरीश : ती ओशाळली होती बिचारी. पोरीला गाडीतून उतरवताना तिचेच डोळे भरले.

सुहासिनी : भरणारच. तिचं काय जातंय? अख्खं मंडळ ड्राइव्हवेवर उभं, आणि माझी मुलगी तिच्या गाडीत, तिच्या मुलाच्या, साकेतच्या बूस्टर सीटवर. पायात बूट, पाठीला बॅग. वर तिचा नवरा राजीव थट्टा करतो, "वहिनी, पार्सल चुकीच्या पत्त्यावर आलं वाटतं." त्याला ना, एकदा फैलावर घेणारे मी.

अंबरीश : पाच वर्षांची आहे ती. कंटाळली, गाडी उघडी दिसली, जाऊन बसली.

सुहासिनी : आपली गाडी शेजारीच होती.

अंबरीश : ती लॉक्ड होती.

सुहासिनी : उगाच माझी समजूत काढू नकोस. अनुराधाचा पदर सोडत होती का ती? एकेक बोट सोडवावं लागलं तुला. मी आपली "ये बाळ, ये बाळ" करत हात पसरून उभी, सगळ्यांसमोर. आता फोटो ऑर्कुटवर चढले की इंडियातसुद्धा कळेल.

अंबरीश : मी म्हणालो होतो, इतक्यात कुणाला बोलवायचं नको. सोशल वर्करनेही तेच सांगितलं होतं, कीप इट क्वाएट. पण तिला दत्तक घेऊन घरी आणून आठवडा झाला नाही तोच तुला बारसं हवं होतं.

सुहासिनी : हवं होतं! इतकी वर्षं इथल्या एकेकीच्या बारशाला घुगऱ्या शिजवून नेल्यात मी. साकेतच्या बारशाला पाळण्याला हात लावायला पुढे झाले, तर अनुराधाच्या सासूबाईंनी माझ्या हातात पेढ्यांचं ताट दिलं. "तू हे फिरव गं." मूल नसलेलीचा हात नको ना पाळण्याला! अनुराधा सगळं बघत होती. एक अक्षर बोलली नाही.

अंबरीश : म्हणून तिलाच आत्या केलंस?

सुहासिनी : तुला सख्खी बहीण नाही. नाव ठेवायला कुणीतरी आत्या लागतेच.

अंबरीश : ते मला नको सांगूस. सुचेता चुलत असली तरी बहीणच आहे, रेडिंगहून अर्ध्या तासात आली असती. तुला अनुराधाच हवी होती. तिनं तुझ्या लेकीच्या कानाशी वाकून कुर्रर्र करावं, नाव सांगावं, आणि पाठीत सगळ्या बायकांचे धपाटे खावेत.

सुहासिनी : वाकली की. आणि उठताना माझी पोरगी घेऊन गेली.

अंबरीश : आणि दुसरं म्हणजे, आणल्यापासून तू तिला नुसतं 'बाळ' म्हणतेस. तिला नाव होतं, सुहास. नंदा.

सुहासिनी : ते मिरजेच्या अनाथाश्रमातलं. कुठल्या तरी दाईनं ठेवलेलं. बारशाआधी नवं नाव घ्यायचं नसतं, आणि जुनं माझ्या तोंडून निघेना. माझी देविकाच होती ती, पहिल्यापासून. मनातल्या मनात.

अंबरीश : तुझ्या मनातलं तिला कसं कळणार?

सुहासिनी : नकोच कळायला. उद्या सकाळी सोशल वर्कर येणारे ना? तिला सांगून टाकते, मला नाही जमत. घेऊन जा म्हणते.

अंबरीश : सुहास!

सुहासिनी : अरे, विमानतळापासून एकदा हात धरला नाही तिनं माझा. भूक लागली म्हणून मागत नाही, पडली तरी रडत नाही. आणि जिला तासभर ओळखते, तिच्या गाडीत जाऊन बसते! तिला मी नकोय. परक्याचं मूल सांभाळायचं तर क्रेश उघडेन मी.

अंबरीश : हळू बोल. पुढच्या दाराशीच बसलीय ती. बूट काढू देत नाहीये.

सुहासिनी : ऐकू दे.

अंबरीश : मग तिलाच जाऊन सांग. पातेलं ठेव ते, आणि जा.

सुहासिनी : ...देविका. बूट काढ बघू. घरात बूट घालत नाहीत.

मुलगी : ती गाडी माघारी येनार?

सुहासिनी : नाही. तू त्यांच्या गाडीत का बसलीस? सांग. मी रागावत नाही.

मुलगी : त्यांनी नाव ठिवलं की.

सुहासिनी : मग?

मुलगी : नाव ठिवत्यात ती मानसं नेत्यात. आमच्या सोनीला न्यायला आलती. त्या बाईनं सोनीच्या कानात नवं नाव सांगितलं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढं वाटलं, फोटू काढला. मग सोनी गाडीत बसली. बूट घालायचं, बॅग घ्यायची, रडायचं न्हाई.

सुहासिनी : अगं, पण तुला आम्ही आणलं ना? एवढं विमानातून?

मुलगी : तुमी कुठं नाव ठिवलं? मला वाटलं, तुमी नुसतं पोचवाय आलाय.

सुहासिनी : पोचवायला... आम्ही?

मुलगी : म्हनून मी काय मागितलं न्हाई.

सुहासिनी : तू आता इथंच राहायचंस. आमच्याकडे. कळलं?

मुलगी : मग त्या बाई उद्या कशाला येनार?

सुहासिनी : ऐकलंस तू ते... काही नाही गं. चहा पितील, तुला बघतील नि जातील.

मुलगी : गाडीनं?

सुहासिनी : हो. गाडीनं.

मुलगी : मग ऱ्हाऊ द्या बूट.

सुहासिनी : बरं. राहू देत. सरक जरा, मला बसू दे.

मुलगी : तुमालापन नेनार हैत?