लारासचा झाडू

योग्याकार्तात सकाळी पेजेच्या गाडीपुढे सुलास्त्री रांगेत उभी होती. तिच्या मागे गणवेशातल्या दोन मुली तावातावानं बोलत होत्या.

“आज वर्ग झाडायची पाळी लारासची, आणि झाडणार परत वेनिंगच, तेही स्वतःच्या झाडूनं!”

“नाही झाडलं तर लारास तिची वही डबक्यात टाकते ना.”

“आणि आपण बघत बसतो.”

“बाईंना सांगूया?”

“सांगूच. पण आज आपण पाचजणींनी वेनिंगला मध्ये घेऊन बसायचं. लारास एकटीला दम देते. पाचजणींना देऊन दाखवू दे!”

“मग झाडणार कोण?”

“जिची पाळी तीच. घरून झाडू आणते ना दर सोमवारी? बघितलायस तो? वर्षभरात एक काडी झिजलेली नाही!”

आपली पोरगी वस्तू किती जपून वापरते, झाडू अजून नवाकोरा आहे, असं सुलास्त्रीनं कालच शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं. ती रांगेतून बाहेर पडली.

“अहो काकू, तुमचा नंबर आला की!”

“तुम्ही घ्या, पोरींनो. लारास अजून घरीच आहे. तिला आणि तिच्या झाडूला घेऊन मीच येते शाळेत.”