पुढच्या दाराचं कुलूप

(भर दुपार. गल्लीतल्या एका घराची मागची खोली. रात्रपाळी करून आलेले बाबा आणि त्यांची लेक.)

बाबा : अगं, हळू बोल. सगळी गल्ली रात्रपाळी करून झोपलीय. ऑफिसात बसून आवाज वाढलाय तुझा.

लेक : तुम्हाला उठवलं ना मी?

बाबा : पडलो होतो नुसता. बाकी मागच्या दाराने आलीस, म्हणजे विसरली नाहीस म्हणायचं. मी आणि तुझी आई बेकरीतून येऊन आडवे झालो, की तूच पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचीस आणि मागून आत यायचीस. कुणी कडी वाजवून उठवू नये म्हणून.

लेक : विसरले असते तर बरं झालं असतं, बाबा.

बाबा : का गं? चेहरा का उतरलाय? पेपरात तुझं एवढं छापून आलं. कात्रण घेऊन मी सगळ्या बेकरीत मिरवलो. म्हटलं, पोरीने कॉम्प्युटरमध्ये अख्खं शहर वसवलंय. आता त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही, ते सोड.

लेक : नका दाखवू ते कुणाला. त्या शहरात खरी माणसं नाहीत. लोकांचे आजार, कमाई बाहेर फुटू नये म्हणून त्यांच्याऐवजी बनवलेली माणसं घ्यायची. घरोघरची पाहणी करायची, त्यावरून कॉम्प्युटर तशीच माणसं तयार करतो. तितकीच म्हातारी, तितकीच आजारी. मग दवाखान्याची गाडी कुठे थांबवायची, ते त्यांच्यावरून ठरवायचं.

बाबा : चांगलंच आहे की मग!

लेक : चांगलंच आहे. पण पाहणीवाला आपल्या गल्लीत दुपारी बाराला आला.

बाबा : अरे देवा.

लेक : सेहेचाळीस घरं. एकेचाळीस दारांना कुलूप. त्याने लिहिलं, 'बंद'.

बाबा : म्हणजे तुमच्या शहरात आमची गल्ली ओसाड?

लेक : ओसाड नाही. रिकामी जागा कॉम्प्युटर आजूबाजूच्यांवरून भरतो. आजूबाजूचे म्हणजे समोरच्या इमारती. आपल्या घरात आता चौघं राहतात. नवरा बँकेत, बायको शिक्षिका, दोन मुलं. सगळे ठणठणीत.

बाबा : चौघं? इथे मला एकट्याला पाय पसरता येत नाहीत! झोपतात कुठे ते?

लेक : हसू नका ना, बाबा.

बाबा : बरं, नाही हसत. म्हणून गाडी चौकात गेली होय! आम्हाला वाटलं, ड्रायव्हरशी कुणाचं तरी वाजलं. इथे संध्याकाळी यायची तेव्हा कामाला जाता जाता गोळ्या मिळायच्या. आता सकाळी दहाला चौकात. त्या वेळी जागं कोण असतं इथे? शेजारच्या काकूने दोनदा जाऊन पाहिलं आणि नाद सोडला.

लेक : फोनवर तुम्ही नुसतं म्हणालात, काकूला झटका आला, हात लुळा पडला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या तीन महिने बंद होत्या, हे मला तिच्या सुनेकडून कळलं.

बाबा : त्याचा तुझ्या कामाशी संबंध असेल, हे मला काय ठाऊक? आणि तुला तरी काय ठाऊक, इथे बसून कोण गोळ्या घेतंय ते?

लेक : मला ठाऊक होतं.

बाबा : काय?

लेक : गाडी हलवायच्या आधी ती यादी माझ्यासमोर होती. एकेचाळीस 'बंद' वाचले आणि क्षणात कळलं. कोण कुठल्या खोलीत झोपलंय, तेसुद्धा दिसलं मला.

बाबा : मग?

लेक : मग काही नाही. शहराची बेरीज जुळत होती. ऑफिसातले आमचे सर खूश होते. पुन्हा पाहणी म्हणजे दोन महिने गेले. आणि सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत.

बाबा : त्यात काय? सांगायचं.

लेक : मी इथली आहे, हे तिथे कुणाला माहीत नाही, बाबा. मी कधी सांगितलंच नाही.

बाबा : असं होय.

लेक : बोला ना काहीतरी. शिव्या द्या. लाज वाटते हो मला. तुमच्याकडे बघवत नाही.

बाबा : शिव्या कुठल्या तोंडाने देऊ? तुझ्या शाळेत बक्षीस समारंभ असला, की मी फाटकाबाहेरच थांबायचो. कपडे पिठाचे, वर घामाचा वास. तू म्हणायचीस, आत चला, आणि मी म्हणायचो, नको. तेव्हाच शिकली असशील तू. मीच शिकवलं.

लेक : तुमच्यावर घेऊ नका. काकूसमोर कशी जाऊ मी?

बाबा : जावं तर लागेल. पण आधी गाडीचं बघ. कुणाच्या हातात आहे ते?

लेक : सरांच्या. पुढच्या वर्षाच्या थांब्यांवर उद्या सकाळी सही आहे त्यांची.

बाबा : मग आत्ताच लाव फोन. म्हणावं, चूक झाली. चूक कुणाच्याही हातून होते, त्याने नोकरी जात नाही.

लेक : लावते. हॅलो, सर? उद्या त्या थांब्यांवर सही करू नका. त्या एकेचाळीस घरांत माणसं आहेत. दिवसा झोपतात. हो, बाहेरून कुलूप घालून. नाही, मला कुणी सांगितलं नाही. मी त्याच गल्लीतली. आत्ता वडिलांकडेच बसलेय. नाही सर, चूक नाही. यादी तुम्हाला पाठवली तेव्हाच मला माहीत होतं.