बादलीतला रोहू आणि माझं शून्य

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. रागिणी मॅडम, मासेमार संस्थेचे पुंजाजी भाऊ आणि जेवणाचा वास येत असूनही जागेवर बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी गजेंद्र, गणिताचा मास्तर. प्राणिशास्त्राच्या निरोप समारंभात मी कशाला? एक कबुली द्यायची आहे.

पाच वर्षांपूर्वी मॅडमनी पातूरजवळच्या तलावाचं गणिती प्रारूप करायला घेतलं. पाण्याची खोली, तापमान आणि प्राणवायूचे आकडे भरले, की उन्हाळ्यात किती मासे जगतील ते संगणक सांगणार. मोजमापं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. उत्तर आलं : मेअखेर रोहू मासे शून्य! ते ऐकून संस्थेनं येत्या पावसाळ्यात तलावात मत्स्यबीज सोडायचंच रद्द केलं.

मे सरता सरता पुंजाजी भाऊ एसटीनं अकोल्याला आले, थेट मॅडमच्या विभागात; मीही तिथंच होतो. हातात बादली, बादलीत जिवंत रोहू.

"मॅडम, तुमच्या कंप्युटरले इचारा, हा कोन व्हय?"

मी म्हणालो, "एखादा चुकून राहिला असेल."

"सर, तो पोहतोय. त्याला कसं खोडणार?" मॅडम म्हणाल्या. "भाऊ, कुठं मिळाला?"

"बुडेल इहिरीपाशी. तिथं पानी गार रायते. सरायले काहून नाई दिसली?"

काहून? तलावात बुडालेली ती जुनी विहीर मला का दिसली नाही? मंडळी, मला पोहता येत नाही. सगळी मोजमापं मी काठावरूनच घेतली होती!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला पुंजाजींच्या होडीत बसवलं आणि स्वतः दोरीनं तापमापक विहिरीत सोडला. मी डोळे मिटून आकडे लिहिले. ते एकमेकांवर चढले. नंतर मॅडम संस्थेसमोर म्हणाल्या, "चूक माझी झाली. बीज सोडा." माझं नावही घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सुधारलेलं प्रारूप म्हणालं, आठवडाभरात विहिरीपाशीही प्राणवायू संपेल. भाऊंनी त्याच दिवशी जाळी टाकून सगळे मासे काढून घेतले. आठ दिवसांनी तिथलं पाणी हिरवं होऊन प्राणवायू संपला होता, पण मरायला मासा उरला नव्हता.

मॅडम, ती चूक तुमच्या नावावर राहू नये. ती माझी होती. पुंजाजी भाऊ, ऐकताय ना?

काय म्हणता? मोठ्यानं बोला, सभेला कळू द्या...

"मले तवाच समजलं होतं, सर! पानी मोजतांनी तुमचे बूट कोरडे होते."

असो. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.